खोलवाडीची ट्रेंड मास्तरीण

रहिमतपूरच्या बाजूला खोलवाडी नावाचं गाव आहे. तिथं सयाजी जगदाळ्यांच्या घरात दोन सुना होत्या, थोरली बनुबाई आणि धाकटी मनुबाई. थोरली पाणवठ्यावर नुसती बोलायला लागली तरी वेशीतल्या माणसाला वाटायचं, भांडण पेटलं. धाकटीच्या शेजारी बसलेल्या बाईलाही ‘काय म्हणालीस गं?’ म्हणून परत विचारावं लागायचं. थोरलीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. धाकटीला दुसऱ्याच वर्षी मुलगी झाली. तिचं नाव रंगू. ती बसायला शिकते न शिकते तोच तिचा बाप लढाईत पडल्याची तार आली.

मनुबाईचा नवरा लालासाहेब मराठा पलटणीत शिपाई होता. आफ्रिकेतल्या केरनच्या डोंगरात तो गेला. एकेचाळीस सालचा शिमगा नुकताच झाला होता. सयाजी स्वतः पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला गडी. त्यानं तार घडी करून पटक्यात खोवली आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेला. घरात हंबरडा फोडला तो बनुबाईनं. मनुबाईच्या तोंडातून आवाजच निघाला नाही.

गावातल्या बायांना वाटलं, आता या पोरीचं काही खरं नाही. नवरा गेला, आणि जाऊ ही असली तोंडाळ. पण झालं भलतंच. बनुबाईनं मनुबाईला एका शब्दानं दुखावलं नाही. पोरीला न्हाऊ घालणं, तिची दृष्ट काढणं, तिला पाठुंगळी घेऊन रानात जाणं, हे सगळं तिनं आपणहून अंगावर घेतलं.

मनुबाई मूळची सांगलीची. तिचा बाप अर्जुना हळदीच्या पेठेत हमाल होता. शेजारच्या पोरी शाळेत जातात म्हणून त्यानं हिलाही घातली होती आणि लग्नापर्यंत तिची पाचवी झाली होती. खोलवाडीत तेव्हा घरटी एक माणूस पलटणीत होता. पत्रं आली की बाया शाळेतल्या आप्पासो मास्तरांकडून वाचून घ्यायच्या. पण नवऱ्यानं लिहिलेलं परक्या पुरुषानं मोठ्यानं वाचायचं, त्याची लाज वाटायची. मनुबाईला वाचता येतं हे कळल्यावर बाया दुपारच्या मागल्या दारानं येऊ लागल्या. मनुबाई हळू आवाजात पत्र वाचायची आणि उत्तर लिहून द्यायची. कुणी रडलं तर थांबायची. आपल्याला आता कुणाचं पत्र येणार नाही, हे तिनं कधी तोंडावर दिसू दिलं नाही.

एक दिवस आप्पासो मास्तर सोप्यात येऊन बसले आणि हसत म्हणाले, “सयाजीराव, माझी निम्मी गिऱ्हाइकं तुमच्या सुनेनं पळवली.”

“चुकलं काय तिचं?”

“चुकलं नाही. म्हणूनच आलोय. बोर्डाला मुलींच्या शाळांसाठी बाया मिळत नाहीत. हिची पाचवी झालीय. सातवीची फायनल दिली आणि साताऱ्याला दोन वर्षं ट्रेनिंग केलं, की सरकारी सर्टिफिकेट मिळेल. ट्रेंड, म्हणजे ट्रेनिंग झालेली मास्तरीण होईल.”

सयाजीनं मान वळवली. “मास्तर, चहा घ्या.”

म्हणजे विषय संपला. जगदाळ्यांच्या घरच्या बाया देवळात जातानाही डोईवरचा पदर ढळू देत नसत. तिथली सून चार लोकांसमोर उभी राहून शिकवणार, हे त्याच्या डोक्यात शिरेना. मास्तर चहा पिऊन उठले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बनुबाईचा आवाज आला.

“मामंजी, मी बोलू का?”

कधी विचारून न बोलणारी सून आज विचारते आहे म्हणून सयाजी दचकला. “बोल की.”

“मनू आता एकोणीस वर्सांची हाय. जगली तर साठ-सत्तर वर्सं जगंल. एवढी वर्सं तिनं माझ्या चुलीला फुंकर घालीत बसायचं व्हय? एका चुलीला दोन बाया कशाला लागत्यात?”

“लोकं काय म्हनतील?”

“लोकं मला वांझ म्हनत्यात. त्यांच्या म्हनन्यानं माझं काय अडलं?”

मास्तर जोडा घालायचं विसरून उभे राहिले. बनुबाईचा नवरा जोतिबा दाव्याला पीळ देत बसला होता. त्याचे हात थांबले.

“आदी सांगलीला जाऊ द्या,” शेवटी सयाजी म्हणाला. “फायनल हुतीया का बगू. फुडचं फुडं.”

मनुबाई रंगूला घेऊन माहेरी गेली. बेचाळीस सालचा तो जून महिना. शाळेत तिच्या बाकावर तेरा-चौदा वर्षांच्या पोरी. पहिल्या दिवशी त्या हिलाच नवी बाई समजून उठून उभ्या राहिल्या. ऑगस्टात गांधीजींना धरलं तशी शाळा कितीतरी दिवस बंद पडली. पोरी प्रभातफेऱ्यांत गेल्या. मनुबाई घरात गणितं सोडवत बसली, मांडीवर रंगू झोपलेली. व्याजाचं गणित तिला लवकर उमगलं, पण भूमितीनं रडवलं. कोन म्हटलं की तिला घराचा कोपरा दिसायचा, आणि तो मापायचा कशाला हे काही कळायचं नाही.

परीक्षेच्या दिवशी अर्जुना पेठेत गेला नाही. पोरीबरोबर शाळेपर्यंत आला आणि फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहिला. हातापायांच्या रेघांत मुरलेली हळद धुऊन जात नसे. तो पिवळाजर्द माणूस तिथं बसलेला बघून येणारीजाणारी माणसं थांबत. संध्याकाळी मनुबाई बाहेर आली. पेपर कसा गेला, हे त्यानं विचारलं नाही. ते विचारायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

“हात लय दुकला का गं?” तो म्हणाला.

मनुबाई म्हणाली, “न्हाई आबा.” आणि घरी येईपर्यंत त्याच्या धोतराचा सोगा लहानपणी धरायची तसा धरून चालली.

फायनल ती पास झाली. साताऱ्याला बायकांचं ट्रेनिंग कॉलेज नुकतंच निघालं होतं. तिथं जागाही मिळाली. पण राहायचं वसतिगृहात, आणि वसतिगृहात मूल ठेवायची परवानगी नव्हती. रंगूला तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं. मनुबाई म्हणाली, “मग न्हाई जात.” बनुबाईनं तिच्याकडं असं बघितलं की पुढचं बोलायची तिची छाती झाली नाही.

रहिमतपुराहून साताऱ्याला सर्व्हिस मोटार जायची. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून मागं कोळशाची भट्टी जोडलेली. ती पेटेपर्यंत मोटार हलायची नाही. त्या दिवशी भट्टी काही केल्या पेटेना आणि निरोपाची घडी उगाच लांबत राहिली. बनुबाईनं पोरीला फसवलं नाही. कडेवर घेऊन मोटारीच्या खिडकीशी उभी राहिली आणि सांगितलं, “तुजी आई शिकाया चाललीया. मास्तरीन होऊन येनार हाय. हात हलीव.” रंगूनं हात हलवला. तिला वाटलं, आई बाजाराला चालली.

वसतिगृहात तऱ्हेतऱ्हेच्या बाया होत्या. कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणी मास्तराचीच बायको. मनुबाईच्या खोलीत जतकडची हरणाबाई होती, मेंढपाळाच्या घरची. बोलता बोलता तिच्या तोंडी कानडी शब्द यायचे आणि मग तीच हसायची. तिच्या संगतीनं मनुबाईला पहिल्या वर्षी रडायला फार सवड मिळाली नाही. पहाटे उठून प्रार्थना, मग वर्ग, दुपारी सरावाच्या शाळेत खऱ्या मुलांसमोर पाठ. संध्याकाळी सूतकताई आणि दुसऱ्या दिवशीच्या पाठाचं टाचण. पहिल्या वर्षाची परीक्षा दोघी चांगल्या पास झाल्या.

दुसऱ्या वर्षी मुख्य बाई लीलाबाईंनी मनुबाईला बोलावून घेतलं. लीलाबाई शिस्तीच्या, पण मनानं मायाळू.

“मनुबाई, तुमचं टाचण चांगलं असतं. फळ्यावरचं अक्षर तर मी इतरांना दाखवते. पण तिसऱ्या ओळीतली मुलं तुमच्याकडे बघत नाहीत. का, ठाऊक आहे?”

मनुबाईनं मान हलवली, नाही.

“त्यांना तुम्ही ऐकूच येत नाही. मार्चमध्ये शेवटचा पाठ परीक्षकांसमोर होईल. ते मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसतात. लेखी पेपरांत कितीही मार्क पडले तरी पाठात नापास झालात तर सर्टिफिकेट नाही. आवाज काढा, बाई. इथं तुम्हाला कुणी रागावणार नाही.”

मनुबाईनं त्या दिवसापासून खोलीत, विहिरीवर, माळावर आवाज काढून बघितला. पण मुलांसमोर उभी राहिली की तो दुसऱ्या ओळीपलीकडं जायचा नाही. सासरी आल्यापासून हळू बोलण्याचीच तिला शाबासकी मिळाली होती. ती सवय एका फर्मानानं कशी जाणार?

चव्वेचाळीसच्या दिवाळीला ती बऱ्याच महिन्यांनी सुटीवर घरी आली. अंगणात रंगू खेळत होती. चार वर्षांची, केसांच्या दोन वेण्या, अंगात बनुबाईच्या जुन्या लुगड्याचा झगा. मनुबाईनं हात पुढं केले. रंगू धावत सुटली ती स्वयंपाकघरात.

“आईऽ! साताऱ्याची बाई आली!”

बनुबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. पोर तिच्या लुगड्यामागं दडली. “आगं, ही तुजी आई. मी थोरली आई,” ती म्हणाली. रंगूनं मान हलवली, पण जागची हलली नाही. मनुबाई हसली, पेटी आत ठेवली आणि हातपाय धुवायला परड्यात गेली. बराच वेळ परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी बनुबाई तिला रानात घेऊन गेली. पावसाळी जोंधळा कणसात आला होता आणि पाखरांनी उच्छाद मांडला होता. दोघी पाखरं राखायच्या उंच माळ्यावर चढल्या. बनुबाईनं गोफण फिरवून एक आरोळी ठोकली तशी पाखरांचा थवाच्या थवा उठून पलीकडच्या वावरात गेला.

“आता तू वरड.”

“आक्का, मला न्हाई जमायचं.”

“पोरं ऐकत न्हाईत म्हनत हुतीस न्हवं? पाखरं बी ऐकायची न्हाईत. वरड.”

मनुबाईनं तोंड उघडलं. आवाज माळ्याच्या खांबापर्यंतही गेला नाही. एक चिमणी तिथंच बसून दाणे टिपत राहिली. बनुबाई हसली नाही. “तुज्या मनात काय हाय ते वरड,” ती म्हणाली. “हितं कोन हाय ऐकायला?”

मनुबाईनं माळ्याचा खांब धरला. मग तिच्या पोटातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाही ओळखू आला नाही. शब्द नव्हते त्यात. लालासाहेबाची तार आली तेव्हा जो निघाला नव्हता तोच असावा. पाखरं उठली. पलीकडच्या रानातली माणसं मान वर करून बघू लागली. ती परत ओरडली, आणखी एकदा ओरडली, आणि मग खाली बसून रडली.

“आक्का, मी न्हाई जात परत. माझी पोर मला वळखंना. सर्टिफिकेट घिऊन काय करू?”

बनुबाईनं गोफण बाजूला ठेवली. तिचा आवाज आज पहिल्यांदाच खाली आला होता.

“मने, एक सांगू का? तुजी परीक्षा जवळ यायला लागली तसं मी देवाम्होरं हात जोडती. पन मागू काय, त्येच समजंना. तू पास झालीस तर पोरीला घिऊन जाशील. नापास झालीस तर तुजा जलम चुलीत जाईल. दोन्ही मला नकोच हायेत. म्हनून नुसतीच हात जोडून परत येती.”

हे हिच्या मनात असेल, असं मनुबाईला कधी वाटलंच नव्हतं.

“मग?” ती म्हणाली.

“मग काय? पोर काय पळून चालली न्हाई. मला आई म्हनती, तुला बी म्हनंल. आईला काय तोटा हाय व्हय? तू आदी पास हो.” आणि बनुबाईनं परत गोफण उचलली. “ऊठ. त्या खालच्या अंगाला बसलीत बग पाखरं.”

सुटी संपेपर्यंत मनुबाई रोज माळ्यावर गेली. पाखरं राखता राखता तिनं पाढे म्हटले, ऋतूंची नावं म्हटली, कविता म्हटल्या, सगळं शेताच्या पार टोकाला जाईल इतक्या मोठ्यानं. रंगू खाली धाटांच्या सावलीत बसून ऐकायची. जाताना ती मोटारीपर्यंत आली आणि म्हणाली, “बाई, तू लय मोट्यानं वरडतीस.” मनुबाईला त्याचंही बरं वाटलं.

मार्चात लेखी परीक्षा झाली आणि मग पाठांचा दिवस आला. पुण्याहून परीक्षक आले होते. उंच, डोक्याला काळी टोपी, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मनुबाईला दुसरीच्या वर्गावर गणित आलं होतं, गुणाकाराची कल्पना. तिनं चिंचोके आणले होते. ते सारख्या ढिगांत मांडायचे, मोजायचे, मग पाढा काढायचा. टाचणात सगळं नीट लिहिलं होतं. तिच्याआधी हरणाबाईचा पाठ झाला. बाहेर येताना तिनं डोळे मिचकावले आणि नुसतं म्हणाली, “जा, लवकर जा.”

मनुबाई आत गेली. परीक्षक मागच्या भिंतीला बसले होते, शेजारी लीलाबाई. तिनं पहिला प्रश्न विचारला. आवाज नीट निघाला. चिंचोक्यांचे ढीग मांडले जात होते. एवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून ढोल वाजू लागले.

भरतीवाल्यांचा बँड होता. पाठीमागं नव्या रंगरुटांची तुकडी. लढाई अजून संपली नव्हती आणि साताऱ्यात असा बँड महिन्यातून एखाद्या वेळी यायचाच. आवाज जवळ येऊ लागला तशी मुलं चुळबुळली. मग एकेक करून सगळी खिडकीशी धावली. चिंचोके जमिनीवर सांडले. वर्ग रिकामा आणि खिडकीला नुसती पाठमोरी डोकी.

मनुबाईही बघत राहिली. तिला ते वाजवणं पाठ होतं. असाच बँड रहिमतपूरच्या बाजारात वाजला होता आणि त्याच्या मागं लालासाहेब हसत हसत गेला होता. क्षणभर तिला वर्ग दिसेना, परीक्षक दिसेनात. लीलाबाई अर्ध्या उठल्या होत्या. पण नियमानं त्यांना बोलता येत नव्हतं. त्या परत बसल्या.

मग मनुबाई खडू हातात घेऊनच खिडकीशी गेली, मुलांच्या मागं उभी राहिली आणि ढोलांच्या वरताण आवाजात म्हणाली, “एका रांगेत किती शिपाई हायेत रं?”

ती ‘आहेत’ म्हणायचं विसरली.

मुलं चमकून वळली. मग परत बाहेर बघू लागली. “तीन!” एकजण ओरडला.

“सगळ्या रांगांत तीनच हायेत का? नीट बघा.”

“व्हय बाई, तीन-तीन!”

“मग आता रांगा मोजा. एक रांग गेली, किती शिपाई गेले?”

“तीन!”

“दोन रांगा गेल्या?”

“सहा!”

“तीन रांगा?”

“नऊ!” आता सगळा वर्ग ओरडत होता. ढोल पुढं, रांगा मागं, आणि खिडकीतून तीनचा पाढा. तरणी पोरं चालली होती. त्यांतली कोण परत येणार होती, कोण जाणे. मनुबाईनं त्यांच्या तोंडांकडं बघायचं टाळलं नाही. एकानं खिडकीकडं बघून हात केला, तशी मुलांनीही केला. शेवटची रांग वळणावर गेली तेव्हा ती म्हणाली, “चला, आता हे फळ्यावर मांडू या.” मुलं जागेवर बसली. तिनं तीन-तीन रेघांच्या रांगा फळ्यावर काढल्या आणि पाढा लिहिला.

पाठ संपल्यावर परीक्षक पुढं आले. टाचण हातात होतं.

“यात शिपाई नाहीत.”

“नाहीत, साहेब.”

“टाचण सोडून पाठ घ्यायचा नसतो, हे शिकवलंय ना तुम्हाला? मुलांना जागेवर का बसवलं नाहीत?”

मनुबाईचा आवाज थरथरला नाही. “साहेब, मुलं तिकडं गेली होती. मी त्यांना आणायला गेले.”

परीक्षकांनी टाचणावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या वर्गाकडं निघाले. दारात थांबून म्हणाले, “मागं स्पष्ट ऐकू आलं.” तेवढंच.

त्याचा अर्थ काय लावायचा हे लीलाबाईंनाही सांगता येईना. मनुबाई खोलवाडीला परतली ती नापास झाल्याच्या तयारीनं. आल्या आल्या चुलीपुढं बसली. बनुबाई विचारायची, “कसा झाला पाठ?” ती म्हणायची, “वरडले मातर नीट.”

वैशाखाच्या अखेरीला आप्पासो मास्तर रहिमतपुराहून भर उन्हात चालत आले. सोप्यात न थांबता थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आजवर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

“मनुबाई, पास! पाठात पहिला वर्ग!”

बनुबाईच्या हातातलं उलथनं खाली पडलं. तिनं मनुबाईला मिठी मारली आणि जी ओरडली ती अख्ख्या खोलवाडीनं ऐकली. सयाजी आत आला. काय करावं हे त्याला सुचेना. मग त्यानं डोक्यावरचा पटका काढला, झटकला, परत बांधला आणि म्हणाला, “सूनबाई, आता घरात बी जरा मोट्यानं बोलत जा. मला कमी ऐकू यितं.” मनुबाई त्याच्या पाया पडली. मग बनुबाईच्या पाया पडायला वाकली, तर तिनं दंड धरून वर उचललं.

“माज्या न्हाई. जावंच्या कोन पाया पडतं व्हय गं?”

“मी पडते,” मनुबाई म्हणाली, आणि पडली.

नेमणूक मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावी झाली. राहायला खोली मिळणार होती. रंगूला न्यायची वेळ आली. मनुबाईनं दोन दिवस विचार केला आणि जावेला म्हणाली, “आक्का, रंगूला हितंच ऱ्हाऊ द्या. मी सुट्टीला यीन.”

बनुबाई कपड्यांचं गाठोडं बांधत होती. “गप ऱ्हा. उपकार फेडायलीस व्हय माजं? पोरगी देऊन?”

“तसं न्हाई—”

“तसंच हाय. पोर तुजी हाय, तुज्या शाळंत शिकंल. पन येकदम न्हेलीस तर रडून ताप काडंल. मी येती संगं. तिचा जीव लागला की माघारी यीन.”

“आन दादांची भाकरी?”

जोतिबा दारात उभा होता. जन्मात चार शब्दांवर न बोलणारा माणूस. तो म्हणाला, “घरात येक ट्रेंड झाली. आता मी बी भाकरीत ट्रेंड हुतो.” आणि आपल्याच बोलण्याला लाजून गोठ्यात गेला.

डोंगरातल्या त्या गावी तिघी एका खोलीत राहिल्या. बाहेर आषाढाचा पाऊस आणि धुकं. पोरी डोक्यावर पानांची इरली घेऊन शाळेत यायच्या. पहिले काही दिवस रंगू बनुबाईजवळच झोपायची. मग मधे झोपू लागली. सकाळी मनुबाई शाळेत गेली की ती दारात उभी राहून तिचा आवाज ऐकायची. एक दिवस पाटी घेऊन गेली आणि पुढच्या ओळीत जाऊन बसली. संध्याकाळी जेवताना तिनं सहज विचारलं, “धाकटे आई, उद्या काय शिकिवनार?” बनुबाईनं ताटातून मान वर केली नाही. मनुबाईनं उत्तर दिलं आणि तिच्या भाकरीवर तूप वाढलं, जरा जास्तच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बनुबाई परत निघाली. मेढ्याच्या थांब्यावर मोटारीत बसताना तिनं जागेवरून ड्रायव्हरशी भांडण काढलं. ड्रायव्हर हात जोडत होता, उतारू हसत होते, आणि बनुबाईचा आवाज अख्ख्या बाजारपेठेत ऐकू जात होता. भांडता भांडता ती रडते आहे, हे एकट्या मनुबाईला कळलं. मोटार निघाली तेव्हा रंगूनं हात हलवला. “दिवाळीला ये गं, थोरले आई!”

त्या रात्री रंगू थोडी रडली, पण ताप आला नाही.

गावातल्या बायांना नव्या बाईंची चौकशी करायची असे. एक दिवस शाळा सुटल्यावर दोघी-तिघी पडवीत येऊन टेकल्या. वर्गात पोरी पाट्या पुसत होत्या. बायांतली एक म्हणाली, “बाई, ही पोरगी तुमची येकलीचीच व्हय? येवढं शिकलासा, तवा हिला कुनी सांबाळलं?”

“एकटीची न्हाई,” मनुबाई म्हणाली. “माझी आन माझ्या जाऊबाईंची हाय.”

बायांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मनुबाईनं पदर सावरला, त्यांच्याजवळ खाली बसली आणि सगळ्या पोरींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बनुबाईची हकीकत सांगायला लागली.